पाण्याचा काटा



साखर कारखान्याच्या फाटकावर उसाची गाडी येऊन उभी राहते, तेव्हा शेतकऱ्याचे लक्ष उसाकडे नसते, काट्याकडे असते. ऊस त्याने पिकविला, तोडणाऱ्याने तोडला, बैलांनी ओढून आणला. परंतु तो किती भरला हे सांगण्याचा अधिकार काट्यापाशी बसलेल्या माणसाचा. लासलगावच्या बाजारात कांद्याचेही तेच. कामगारांत तीस वर्षे वावरल्यावर माझ्या एक गोष्ट ध्यानात आली आहे. जगातले पुष्कळसे तंटे मालावरून होत नाहीत, मापावरून होतात. मजुरीचा दर कागदावर ठरलेला असतो; भांडण असते ते तास किती भरले याचे. ज्याच्या हाती काटा, त्याच्या हाती हिशेब.

आज मला आपणांस एका निराळ्या काट्याचा इतिहास सांगावयाचा आहे. तो पाण्याचा काटा होय. पाण्यात विरघळले म्हणजे जे डोळ्यांना दिसत नाही, जिभेला कळत नाही आणि पाणी उकळले तरी जे जात नाही, असे एक विष तोलण्याचे हे साधन आहे. त्याचे शास्त्रीय नाव ‘विद्युत्-रासायनिक जैवसंवेदक’ असे लांबलचक आहे. नावाने बिचकू नका. त्याचा थोरला भाऊ आपल्यापैकी कित्येकांच्या घरी कपाटात पडलेला असेल. मधुमेहाचा रोगी बोटाला सुई टोचून रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर ठेवतो आणि पाच-दहा सेकंदांत साखरेचा आकडा वाचतो, तो हा थोरला भाऊ. धाकट्याची ओळख अजून व्हावयाची आहे.

मी शास्त्रज्ञ नव्हे. माझे शाळेचे शिक्षण दहावीपाशी संपले. पुढचे जे काही झाले ते वाचनालयांतून आणि संपाच्या दिवसांतल्या सक्तीच्या रिकाम्या वेळातून झाले. तरीही या विषयावर बोलण्याचे धाडस करतो, याला कारण हे गाव. न्यायमूर्ती रानडे १८ जानेवारी १८४२ रोजी या निफाडात जन्मले. त्यांनीच १८७५ मध्ये पुण्यास वसंत व्याख्यानमालेचा पाया घातला. विद्वानांचे ज्ञान चार भिंतींबाहेर यावे आणि सामान्य नागरिकाने ते ऐकून त्यावर प्रश्न विचारावेत, ही त्यामागची दृष्टी. तेव्हा मी इथे प्रश्न विचारणारा नागरिक म्हणूनच उभा आहे, असे समजावे.

प्रश्न माझ्या मनात कसा आला ते प्रथम सांगतो. सुमारे तीस वर्षांपूर्वी एका कारखान्याच्या कामगार वस्तीत माझे जाणे-येणे असे. कारखान्याचे नाव घेण्याचे कारण नाही. वस्तीला पाणी एका उघड्या तळ्यातून येई. चैत्र सरला आणि तळ्यावर हिरव्या रंगाची साय धरली. कोणी तेलरंगाचा डबा ओतावा तशी. पाण्याला कुबट वास येऊ लागला. मुलांना ओकाऱ्या, पोटदुखी सुरू झाली. आम्ही बाटली भरून तपासणीस पाठविली. तीन आठवड्यांनी कागद आला. त्यावर ‘रोगजंतू आढळले नाहीत’ एवढेच लिहिले होते. व्यवस्थापकांनी तो कागद फलकावर लावला आणि आमचे तोंड बंद झाले. पुढे वळवाचा पाऊस पडला, तळे भरले, साय गेली आणि प्रकरण मिटले. कागद खोटा नव्हता. जे शोधले ते सापडले नाही, एवढेच त्याने प्रामाणिकपणे सांगितले होते. परंतु जे शोधावयास हवे होते ते त्याला कोणी विचारलेच नव्हते. काटा होता, तो भलत्याच जिनसाचा होता.

ती हिरवी साय कशाची असते? तिला आपण शेवाळ म्हणतो. परंतु हे शेवाळ नेहमीचे नव्हे. शास्त्रज्ञ त्यास नीलहरित शेवाळ किंवा सायनोबॅक्टेरिया म्हणतात. वस्तुतः हे जिवाणूच. वनस्पतीप्रमाणे सूर्यप्रकाशावर स्वतःचे अन्न तयार करणारे. त्यांना सरसकट दुष्ट म्हणणे कृतघ्नपणाचे होईल. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू प्रथम साठविला तो यांच्याच पूर्वजांनी, दोनशे कोटी वर्षांहून अधिक काळापूर्वी. भाताच्या खाचरात हवेतला नत्र जमिनीला मिळवून देणारे खत म्हणून आपले शेतकरी यांतील काही जातींचा उपयोग करतात. परंतु पाणी साचलेले असावे, ऊन कडक असावे आणि त्या पाण्यात सांडपाण्यातून व खतांतून वाहून आलेले स्फुरद आणि नत्र भरपूर असावे, म्हणजे यांतील काही जाती बेसुमार माजतात. आणि त्यांतल्या कित्येक जाती आपल्या पेशींत विष बाळगून असतात. कोणी यकृतावर घाला घालते, कोणी मज्जातंतूंवर.

या विषाची पहिली शास्त्रीय नोंद १८७८ सालची आहे. ऑस्ट्रेलियात मरे नदीच्या मुखाशी अलेक्झांड्रिना नावाचे सरोवर आहे. त्यावर हिरवी दाट साय आली आणि काठावर पाणी पिणारी मेंढरे, घोडे, कुत्री, डुकरे मरू लागली. अ‍ॅडलेडच्या जॉर्ज फ्रान्सिस या रसायनज्ञाने ती साय मुद्दाम एका मेंढीला पाजली, मेंढी मेली. त्याचे पत्र त्याच वर्षी ‘नेचर’ या नियतकालिकात छापून आले. म्हणजे विष ओळखण्याचा जगातला पहिला काटा मेंढीचे प्रेत हा होता.

त्यानंतर ऐंशी वर्षे काटा फारसा सुधारला नाही. मेंढीच्या जागी उंदीर आला, इतकेच. शेवाळाचा अर्क उंदराच्या पोटात टोचावयाचा आणि घड्याळ घेऊन बसावयाचे. उंदीर किती वेळात मरतो, त्यावरून विष किती ते ठरवावयाचे. कोळशाच्या खाणीत पिंजऱ्यातला कॅनरी पक्षी नेत, तोच हा प्रकार. जे. एस. हाल्डेन या शास्त्रज्ञाच्या सल्ल्यावरून ती रीत रूढ झाली आणि ब्रिटनच्या खाणींतून ती १९८६ पर्यंत चालली. पक्षी खाली पडला की खाणकामगारांनी पळावयाचे. जिवंत प्राण्याचे शरीर हेच माप, ही कल्पना आपण लक्षात ठेवू. पुढे ती निराळ्या रूपाने परत भेटणार आहे.

१९५९ मध्ये कॅनडात ओटावा येथे बिशप, अ‍ॅनेट व गॉरहॅम यांनी मायक्रोसिस्टिस नावाच्या शेवाळातून ते विष वेगळे काढले. त्याला पुढे मायक्रोसिस्टिन हे नाव पडले. १९८४ मध्ये दक्षिण आफ्रिकेतील बोटेस आणि त्यांचे सहकारी यांनी त्याची रचना उलगडली. सात अमिनो आम्लांचे ते एक कडे आहे. कड्याला सहजी तोड नाही, म्हणूनच ते उकळत्या पाण्यात टिकते. उलट पाणी आटले तर विष दाट होते. तुरटी फिरवावी तर शेवाळाच्या अखंड पेशी खाली बसतात, परंतु पाण्यात आधीच सुटलेले विष तसेच राहते.

येथवर बळी गेली ती जनावरे. माणसांची पाळी आली तेव्हा ती कोणत्या माणसांची आली, इकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो.

ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलंड प्रांतात पाम आयलंड नावाचे बेट आहे. तेथल्या आदिवासींना सरकारने ठिकठिकाणांहून आणून त्या बेटावर ठेवले होते. १९५७ मध्ये या लोकांनी तेथल्या जुलमी कारभाराविरुद्ध संप केला होता, आणि त्याबद्दल पुढाऱ्यांना कुटुंबांसकट बेटाबाहेर हद्दपार व्हावे लागले होते. त्याच बेटावर १९७९ च्या नोव्हेंबरात पाण्याला वाईट चव आणि वास येत असल्याची तक्रार झाली. अधिकाऱ्यांनी धरणात मोरचूद टाकले. मोरचूद म्हणजे काय हे निफाडच्या द्राक्षबागाईतदाराला मी सांगावयास नको. बोर्डो मिश्रणात तेच असते. मोरचुदाने शेवाळ मेले. परंतु मरताना पेशी फुटल्या आणि त्यांतले विष एकदम पाण्यात उतरले. काही दिवसांतच १४८ माणसे आजारी पडली. त्यांपैकी १३८ मुले होती. यकृत सुजले, रक्तमिश्रित जुलाब झाले. सुदैवाने मुले वाचली. परंतु तो आजार काही वर्षे ‘गूढ रोग’ म्हणूनच ओळखला जात होता. ज्या विषाने तो झाला, त्या सिलिंड्रोस्पर्मॉप्सिनची रचना कळली ती १९९२ मध्ये. म्हणजे औषध टाकण्याची घाई झाली आणि मोजण्याचे साधन तेरा वर्षांनी मागून आले.

दुसरी घटना अधिक भयंकर आहे. ब्राझीलमधील कारुआरू हे शहर. १९९६ चा फेब्रुवारी महिना, पाण्याची टंचाई. तेथे एका रुग्णालयात मूत्रपिंड निकामी झालेल्या रोग्यांचे रक्त यंत्राने शुद्ध करीत. आपण ज्यास डायलिसिस म्हणतो त्यास एका वेळी सुमारे १२० लिटर पाणी लागते, आणि रक्त व पाणी यांमध्ये केवळ एक पातळ पडदा असतो. जलाशयातले पाणी टँकरने आणले गेले आणि त्याची पुरेशी शुद्धी झाली नाही. ११६ रोगी आजारी पडले. शंभरांचे यकृत निकामी झाले. या विषामुळे झालेले म्हणून पुढे जे मृत्यू निश्चित करण्यात आले, त्यांची संख्या ५२ आहे. टँकरचे पाणी आपल्या जिल्ह्यालाही अपरिचित नाही, म्हणून ही हकिगत मी मुद्दाम सांगतो.

कारुआरूनंतर दोन वर्षांनी, १९९८ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने आकडा ठरविला. पिण्याच्या एका लिटर पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर एक मायक्रोग्रॅमपेक्षा अधिक नसावे. एक मायक्रोग्रॅम म्हणजे किती? दहा हजार लिटरचा एक टँकर घ्या. असे शंभर टँकर ओळीने उभे करा. त्या सर्वांत मिळून एक ग्रॅम विष, म्हणजे चिमूटभर मिठाएवढे, मिसळले तर ही मर्यादा गाठली जाते. २०२० मध्ये संघटनेने आयुष्यभराच्या पिण्यासाठी हाच आकडा ठेवला, आणि थोड्या दिवसांच्या अडचणीसाठी बारा मायक्रोग्रॅमची निराळी मर्यादा सांगितली. अमेरिकेत टोलेडो शहराच्या नळात २०१४ च्या ऑगस्टमध्ये हा आकडा ओलांडल्याचे दिसताच, सुमारे पाच लाख लोकांना ‘पाणी पिऊ नका, उकळूनही पिऊ नका’ असा हुकूम निघाला. तो दोन-तीन दिवस चालला. तेथे काटा जवळ होता, म्हणून दवंडी वेळेवर पिटली गेली. पाम आयलंड आणि टोलेडो यांतला हा फरक पाण्यातला नाही. काट्याच्या जवळ-दूरपणातला आहे.

आता हा काटा जवळ कसा येईल, ते पाहू. प्रयोगशाळेतली मोठी यंत्रे या विषाचा कण न् कण मोजतात. परंतु ती लाखो रुपयांची, चालविणारा शिकलेला, आणि नमुना तेथवर पोहोचवावयाचा. साय मात्र वाऱ्याबरोबर एका रात्रीत या काठावरून त्या काठावर जाते. तीन आठवड्यांनी आलेला अचूक आकडा हा गेलेल्या पाण्याचा पंचनामा असतो.

जवळच्या काट्याचा इतिहास एका बुकबाइंडरापासून सुरू होतो. मायकेल फॅरेडे हा लोहाराचा मुलगा. जन्म १७९१. लंडनमध्ये पुस्तके बांधण्याच्या दुकानात तो उमेदवारी करी आणि बांधावयास आलेली पुस्तके वाचून काढी. १८१२ मध्ये त्याला हम्फ्री डेव्ही यांच्या सार्वजनिक व्याख्यानांची तिकिटे मिळाली. त्याने टिपणे घेतली, ती स्वच्छ लिहून स्वतः बांधली आणि डेव्हींकडे पाठविली. पुढल्या वर्षी तो त्यांचा मदतनीस झाला. व्याख्यानमालेने जगाला काय दिले असे कोणी विचारले तर फॅरेडे दिला, असे खुशाल सांगावे. विजेचा प्रवाह आणि रासायनिक क्रिया यांचा हिशेब एकमेकांशी बांधलेला आहे, इतकी वीज गेली म्हणजे इतकाच पदार्थ बदलतो, हा नियम त्याने सिद्ध केला. ‘इलेक्ट्रोड’ हा शब्द १८३४ मध्ये त्यानेच रूढ केला. विजेने पदार्थ तोलता येतो, याचा अर्थ असा की वीज हाच काटा होऊ शकतो.

याच फॅरेडेची दुसरी एक गोष्ट मला अधिक आवडते. १८५५ च्या जुलैत तो आगबोटीतून टेम्स नदीवरून चालला होता. पाणी मातकट, दुर्गंधीने भरलेले. त्याने पांढऱ्या कार्डाचे तुकडे केले, ते ओले केले आणि धक्क्या-धक्क्यावर पाण्यात सोडले. तुकडा इंचभरही बुडण्यापूर्वी दिसेनासा होई. त्याने हे ‘टाइम्स’ पत्राकडे लिहून पाठविले आणि उपेक्षा केली तर एखादा उन्हाळा आपणांस धडा शिकवील असे बजावले. तीन वर्षांनी, १८५८ च्या उन्हाळ्यात, टेम्सच्या दुर्गंधीने पार्लमेंटात बसणे अशक्य झाले, तेव्हा कोठे गटारांच्या कामाला पैसा मंजूर झाला. जगातल्या मोठ्या शास्त्रज्ञाने सर्वांत स्वस्त काटा वापरला आणि आकडा कपाटात न ठेवता वर्तमानपत्रात दिला. या दोन गोष्टी एकत्र आल्या म्हणजेच मोजणीला अर्थ येतो.

पुढचे पाऊल शंभर वर्षांनी पडले. अमेरिकेतील लेलंड क्लार्क यांनी १९५६ मध्ये रक्तातला प्राणवायू मोजणाऱ्या इलेक्ट्रोडचे वर्णन प्रसिद्ध केले. १९६२ मध्ये त्यांनी व लायन्स यांनी त्याच इलेक्ट्रोडवर एका एन्झाइमचा थर देण्याची युक्ती मांडली. एन्झाइम म्हणजे सजीवाच्या शरीरातला कसबी कामगार. तो आपले एकच काम जाणतो आणि दुसऱ्या कशाला हात लावीत नाही. साखर ओळखणारे एन्झाइम साखरेवर काम करते, आणि त्या कामाचा हिशेब इलेक्ट्रोड विजेच्या प्रवाहात लिहून देतो. येथे तो कॅनरी पक्षी परत भेटतो. फरक एवढाच की संपूर्ण प्राणी मारण्याऐवजी सजीवाचा फक्त एक ओळखणारा अवयव, रेणूएवढा, घेतला आणि तो तारेला जोडला. जैवसंवेदक म्हणतात तो हाच.

शेवाळाच्या विषासाठी ओळखणारे दोन प्रकारचे मिळाले. पहिला प्रकार प्रतिपिंडांचा. एखाद्या परक्या पदार्थाविरुद्ध शरीर जे रक्षक तयार करते, ते प्रतिपिंड. मायक्रोसिस्टिन ओळखणारे प्रतिपिंड १९८० नंतरच्या दशकात तयार झाले. ते इलेक्ट्रोडवर बसवितात. आता असे समजा, की एका बाकावर दहा जागा आहेत. काही माणसांच्या हाती कंदील आहे, काहींच्या नाही. दोघेही एकदम बसावयास धावले. बाकावर उजेड कमी पडला, तर कंदील नसलेले अधिक बसले असे आपण म्हणू. कंदीलवाले म्हणजे आपण मुद्दाम सोडलेले खूण केलेले विष. कंदील नसलेले म्हणजे पाण्यातले मूळचे विष. प्रवाह जितका कमी, तितके पाण्यात विष जास्त. दुसरा प्रकार एन्झाइमचा. मायक्रोसिस्टिन यकृतातल्या ज्या एन्झाइमांना निकामी करते, त्यांपैकीच एक पट्टीवर ठेवावयाचे. पाणी घातल्यावर त्याचे काम मंदावले, तर विष आहे. फ्रान्समध्ये पेर्पिन्याँ येथे मॉनिका काम्पास, झाँ-लुई मार्ती आणि त्यांचे सहकारी यांनी २००५ च्या सुमारास या दोन्ही वाटांनी काम केले. ज्या घावाने माणूस मरतो, त्याच घावाचे माप घ्यावयाचे, अशी ही रीत.

यातली एक अडचण आपल्या तालुक्याच्या फार जवळची आहे. शेवाळाचे एक विष आहे, त्याला अ‍ॅनाटॉक्सिन-ए(एस) म्हणत. ते मज्जातंतूंच्या ज्या एन्झाइमला अडविते, त्यालाच आपण बागेत फवारतो ती ऑरगॅनोफॉस्फेट जातीची कीटकनाशकेही अडवितात. फवारणी करणाऱ्या मजुराला विषबाधा होते तेव्हा तोंडातून लाळ गळते, घाम फुटतो, डोळ्याची बाहुली बारीक होते. त्या शेवाळाच्या विषाने जनावराला लाळ सुटते. मग निफाडच्या ओढ्यातले पाणी पट्टीवर घातले आणि पट्टी बोलली, तर ती शेवाळाबद्दल बोलली की फवारणीबद्दल? २००२ मध्ये युरोपातील शास्त्रज्ञांनी यावर तोड शोधली. त्या एन्झाइमचे मुद्दाम बदललेले निरनिराळे नमुने एका ओळीत ठेवले. काही शेवाळाच्या विषाला अधिक नमतात, काही कीटकनाशकाला. सर्वांची साक्ष एकत्र वाचली म्हणजे गुन्हेगार कोण ते कळते. पंचायतीत एकाच साक्षीदारावर निवाडा करू नये, हा आपला जुना शहाणपणा येथेही खरा ठरतो.

या साधनाचे गुणगान करून थांबणे अप्रामाणिकपणाचे होईल. पाण्यातला गाळ इलेक्ट्रोडवर बसतो आणि काटा जड होतो. प्रतिपिंड आणि एन्झाइम उन्हाने नासतात. बरेचसे विष शेवाळाच्या पेशीतच असते, म्हणून आधी पेशी फोडावी लागते; नाही तर पट्टी ‘सर्व ठीक’ म्हणेल आणि दुसऱ्या दिवशी मोरचूद पडताच पाणी विषारी होईल. मायक्रोसिस्टिनचेच दोनशेंहून अधिक प्रकार आहेत. सगळे सारख्याच नेमकेपणाने ओळखले जात नाहीत. यामुळे हे संवेदक पुष्कळसे अजून प्रयोगशाळेच्या बाकावरच आहेत. पट्टीने धोका दाखविला तर मोठ्या यंत्राने खात्री करून घ्यावीच लागेल. पट्टी न्यायाधीश नव्हे. ती पहारेकरी आहे. आणि पहारेकऱ्याचे काम वेळेवर हाक मारण्याचे.

मग हे आपल्या हाती येईल काय? येईल, असे मी म्हणतो, आणि त्याला आधार देतो. १९८२ मध्ये माञ्जा, मौर्य व राव या आपल्याच देशातील संशोधकांनी पाण्यातली मैल्याची घाण ओळखण्यासाठी अगदी साधी बाटली सुचविली. आत औषध लावलेला कागद. पाणी भरून ठेवले आणि ते काळे पडले, की समजावे पाणी दूषित. ना सूक्ष्मदर्शक, ना मोठी प्रयोगशाळा. ती बाटली खेड्यापाड्यांत गेली. पुढे २०१९ च्या जलजीवन मिशनमध्ये गावोगाव पाच स्त्रियांना पाणी तपासण्याची पेटी वापरण्यास शिकवावे असे ठरले. कठीणपणा, फ्लोराइड, नायट्रेट, लोह, शिल्लक क्लोरीन, जंतू असे त्या पेटीचे विषय. म्हणजे हात तयार झाले आहेत. शेवाळाच्या विषाची पट्टी तेवढी त्या पेटीत यावयाची आहे.

कायद्याचीही पायवाट आहे. पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने १९६९ मध्ये स्वतःचा कायदा केला. केंद्राचा १९७४ मध्ये आला. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकाची २०१२ ची आवृत्ती, पाण्यात विष निर्माण करणारे सूक्ष्मजीव नसावेत, असा आदर्श सांगते. परंतु आदर्श आणि आकडा यांत फरक आहे. ‘योग्य मजुरी द्यावी’ हा आदर्श झाला. ‘अमुक रुपये, अमुक तारखेला’ हा आकडा झाला. भांडता येते ते आकड्यावर. नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांची सभा भरविली, तेव्हा त्यांनी दया मागितली नाही. आठवड्याला एक सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत पगार, अशा मोजता येतील अशा मागण्या साडेपाच हजार सह्यांनिशी मांडल्या. १८९० मध्ये रविवारची सुटी मिळाली. सहा वर्षे लागली. परंतु मागणीत आकडा होता, म्हणून टाळणाऱ्याला पळवाट राहिली नाही.

आपल्या तालुक्यात नांदूर मधमेश्वर येथे गोदावरी आणि कडवा यांचा संगम आहे. इंग्रजी अमदानीत तेथे बंधारा बांधला; त्याच्या कालव्यांनी खालचा मुलूख भिजविला, आणि साचलेल्या पाण्यावर हजारो पक्षी उतरू लागले. आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा म्हणून ‘रामसर’ यादीत महाराष्ट्राचे पहिले नाव लागले ते या जागेचे. तेथे वरून नाशिक शहराचे पाणी येते, आपल्या शेतांतले खत येते, आणि त्यावर पाणवेली माजतात. या पाण्यात शेवाळाचे विष आहे, असा माझा आरोप नाही. आरोप करावयाचा तर मोजावे लागते. आणि ‘विष नाही’ असे आश्वासन द्यावयाचे तरीही मोजावेच लागते. मोजल्यावाचून घाबरविणारा आणि मोजल्यावाचून दिलासा देणारा, दोघेही माझ्या मते एकाच माळेचे मणी.

म्हणून एक साधी सूचना करतो. उन्हाळ्यात ज्या गावच्या पाण्यावर हिरवी साय दिसेल, तेथे एक वही ठेवावी. तारीख, रंग, वास, वारा कोणीकडचा, जनावरांनी पाणी तोंडाला लावले की नाही, एवढे रोज लिहावे. साय असेल त्या काठाचे पाणी गुरांना पाजू नये, आणि ‘उकळून घेतले म्हणजे झाले’ अशी समजूत करून घेऊ नये. नमुना तपासणीस देताना ‘शेवाळाचे विषही पाहावे’ असे लेखी मागावे; तीस वर्षांपूर्वी आम्ही चुकलो ते तेथेच. पुढे पट्टी हातात आली तर तिचा आकडा त्याच वहीत उतरवून ग्रामसभेत मोठ्याने वाचावा. आकडा वाढला तर मोरचूद टाकून गप्प बसू नये. मैला आणि खत पाण्यात कोठून येते त्याचा माग काढावा. संवेदक विष दाखवितो, विष काढीत नाही. ताप मोजल्याने ताप उतरत नाही, हे खरे. परंतु जो मोजीत नाही त्याला वैद्य केव्हा बोलवावा हेही कळत नाही.

२० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्यावर डॉ. आंबेडकरांनी आणि त्यांच्या हजारो अनुयायांनी ओंजळभर पाणी घेतले, तेव्हा पाणी पिण्याचा हक्क सर्वांचा हे त्यांनी जगाला सांगितले. त्या हक्काचा पुढचा भाग अजून राहिला आहे. जे पाणी मी पितो त्यात काय आहे हे जाणण्याचा हक्कही माझाच. पाम आयलंडच्या मुलांना तो नव्हता. कारुआरूच्या रोग्यांना नव्हता. आमच्या त्या वस्तीतल्या आयाबायांनाही नव्हता. त्यांच्या वाट्याला फलकावरचा एक कागद आला. त्यांतली एक म्हातारी मला तेव्हा म्हणाली होती, ‘‘भाऊ, कागद बरोबर असंल, पण पाणी तर आम्हीच प्यालो ना?’’ तिला त्या दिवशी माझ्यापाशी उत्तर नव्हते. आज निदान एवढे सांगता येईल, की आजी, पुढच्या वेळी काटा आपल्या हातात असावा, यासाठी भांडू.